कुलूप उघडणारा अ‍ॅलन ट्यूरिंग

इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २३ जून २०२१ रोजी पन्नास पौंडांची नवी नोट चलनात आणली. बँकेत हयात गेलेल्या माणसाला कुठल्याही देशाची नोट हाती आली की ती आधी उजेडाला धरून बघायची खोड असते. धागा कुठे, जलचिन्ह कुठे, बोटाला खरखरीत लागते का. नोट म्हणजे शेवटी काय, तर कोणी नक्कल करू नये म्हणून केलेला बंदोबस्तच. आता गंमत पाहा. या बंदोबस्तावर चित्र कोणाचे छापावे, तर दुसऱ्याचा बंदोबस्त फोडण्यात ज्याचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी होता, अशा माणसाचे. अ‍ॅलन ट्यूरिंग त्याचे नाव. नोट निघाली तो दिवस त्याच्या जन्माचा. आणि ज्या देशाने त्याला नोटेवर बसवले, त्याच देशाच्या न्यायालयाने १९५२ साली त्याला गुन्हेगार ठरवले होते.

ट्यूरिंगला आपण संगणकशास्त्राचा एक जनक म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या चरित्राकडे मी जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे. आजकाल आमच्या सावलीच्या आठवडी बाजारातही हॅक हा शब्द ऐकू येतो. धानाचे पैसे खात्यात जमा झाले, कोणाचा तरी फोन आला, त्याने गोड बोलून ओटीपी विचारून घेतला आणि खाते रिकामे झाले, की माणूस सांगतो, खाते हॅक झाले. याला हॅकिंग म्हणणे म्हणजे खिसेकापूला इंजिनिअर म्हणण्यासारखे आहे. मुळात हा शब्द अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुजला. तिथे खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. एखादे यंत्र उघडून, त्याच्या आतड्यात हात घालून, बनवणाऱ्याच्या मनात नव्हते ते काम त्याच्याकडून करवून घेणारा तो हॅकर. त्यात चोरीचा संबंध नव्हता. यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय झोप न लागणारा माणूस, एवढाच अर्थ. ट्यूरिंगच्या हयातीत हा शब्द त्या अर्थाने प्रचारात नव्हता. पण त्या जातीच्या माणसाचे इतके अस्सल उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

त्याचे आपल्या देशाशी नाते होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. वडील ज्यूलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आई एथेल सारा हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा आणि तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. आज ओडिशात असलेले छत्रपूर तेव्हा मद्रास इलाख्यात होते. तिथे असताना दुसऱ्या मुलाची चाहूल लागली, आणि बाळंतपण इंग्लंडात व्हावे म्हणून दोघे लंडनला गेले. तिथे १९१२ साली अ‍ॅलन जन्मला. मात्र मुलांना हिंदुस्थानच्या उन्हात वाढवायचे नाही, हा त्या साहेब मंडळींचा शिरस्ता. थोरला जॉन आणि धाकटा अ‍ॅलन समुद्रकाठच्या गावी एका निवृत्त कर्नलच्या घरी राहिले आणि आईवडील इकडे नोकरीवर. शिक्षणासाठी मुले परगावी नातेवाइकांकडे ठेवायची पद्धत आपल्याकडेही होती, पण मधे सात समुद्र नव्हते. एकलकोंडेपणा मुळातला किती आणि असा लादलेला किती, हे कोण सांगणार?

चौदाव्या वर्षी शेरबोर्न नावाच्या शाळेत त्याला घातले. शाळा सुरू व्हायच्या वेळी १९२६ सालचा सार्वत्रिक संप झाला आणि गाड्या बंद पडल्या. हा मुलगा साउदॅम्प्टनला बोटीतून उतरला आणि सायकल हाणत, वाटेत एक मुक्काम करून, साठ मैलांवरच्या शाळेत हजर झाला. शाळेत मात्र त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अक्षर गचाळ, वहीवर शाईचे डाग, लॅटिन कच्चे. गणित तो पुस्तकातल्या पद्धतीने न करता आपल्याच पद्धतीने करायचा आणि उत्तर बरोबर यायचे. असल्या विद्यार्थ्याचा मास्तरांना जो वैताग येतो तो तिथेही आला. तिथेच त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम हा जिवाचा मित्र मिळाला, त्याच्यासारखाच शास्त्राचा वेडा. ख्रिस्तोफर फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने गेला. ट्यूरिंगच्या आयुष्यात त्याने केलेली पोकळी पुढे भरली गेली नाही. मन शरीराबाहेर टिकते का, विचार ही यंत्राची करामत आहे का, हे प्रश्न त्याच्या डोक्यात शिरले, त्याचे मूळ या मृत्यूत आहे असे त्याचे चरित्रकार मानतात आणि मलाही ते पटते.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो १९३१ साली गेला आणि १९३५ साली फेलो झाला. पुढच्याच वर्षी, चोवीस वर्षांचाही नसताना, त्याने तो प्रसिद्ध निबंध लिहिला. गणितातला प्रत्येक प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी सुटेल का, या प्रश्नाचे उत्तर त्याने नाही असे दिले. ते देताना त्याने कागदावर एक कल्पित यंत्र उभे केले. लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, एका वेळी एक चौकोन वाचणारे, खोडणारे, लिहिणारे डोके. काम बदलायचे तर यंत्र बदलायला नको, पट्टीवरच्या सूचना बदला. आजचा प्रत्येक संगणक, खिशातला मोबाइलसुद्धा, या कल्पनेत बसतो. आणि हॅकिंगचे बीजही इथेच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सूचना आणि माहिती एकाच पट्टीवर, एकाच चिन्हांत लिहिलेली असेल, तर माहितीच्या वेषात सूचना आत घुसवता येते. संगणकांतले विषाणू आणि घुसखोरीचे कित्येक प्रकार आजही याच फटीतून आत येतात. योगायोग असा की त्याच १९३६ साली आमच्या सावलीत गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले आणि गांधीजी त्यासाठी इथे आले. इथे चरख्याचे यंत्र आणि तिकडे केंब्रिजला हे पट्टीचे यंत्र. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

मग दोन वर्षे अमेरिकेत प्रिन्स्टनला. तिथून डॉक्टरेट घेऊन १९३८ साली परत. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारच्या गुप्तलिपी खात्याने त्याला अर्धवेळ बोलावून घेतले. युद्ध पुकारले गेले ३ सप्टेंबर १९३९ रोजी, आणि दुसऱ्या दिवशी ट्यूरिंग ब्लेचली पार्क या जुन्या वाड्यात कामावर रुजू झाला.

समोर होते जर्मनांचे एनिग्मा. दिसायला टाइपरायटरची पेटी. एक कळ दाबली की वरच्या दिव्यांपैकी दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागायचा. आत तारांनी गुंफलेली तीन चक्रे, आणि प्रत्येक कळीला चक्र एक घर पुढे सरकायचे, म्हणजे तीच कळ पुन्हा दाबली तरी अक्षर निराळे. शिवाय समोर अक्षरांच्या जोड्या बदलणाऱ्या खुंट्या. चक्रांचा क्रम, त्यांची सुरुवात, खुंट्यांच्या जोड्या, ही त्या दिवसाची किल्ली. ती रोज बदलायची. किल्ल्या किती संभवतात, तर १५९ या आकड्यापुढे अठरा शून्ये. ज्याच्याकडे तशीच पेटी आणि त्या दिवसाची किल्ली आहे तोच संदेश वाचणार. जर्मन सेनाधिकाऱ्यांनी हा आकडा पाहिला आणि ते निर्धास्त झाले.

पहिले कुलूप इंग्रजांनी उघडले नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. मारियान रेयेव्हस्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ सालीच एनिग्माच्या आतली तारांची गुंफण गणिताने शोधून काढली होती. युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने हे सारे ज्ञान वॉर्साजवळच्या जंगलात इंग्रज आणि फ्रेंचांच्या हवाली केले. इंग्रजी सिनेमांत पोलिश मंडळींना एखादे वाक्य मिळते, तेही मिळाले तर. पण जर्मनांनी पद्धत बदलली की पोलिश युक्ती निकामी होणार होती. ट्यूरिंगने वेगळा मार्ग धरला.

हा मार्ग बँकेतल्या माणसाला चटकन कळेल. संध्याकाळी रोजकीर्द जुळत नाही. फरक कुठे आहे हे शोधायला सगळी व्हाउचरे पहिल्यापासून चाळत बसणारा कारकून रात्री दहापर्यंत बसतो. मुरलेला माणूस एक तर्क धरतो, अमुक नोंद उलट्या बाजूला पडली असेल, तर पुढे काय काय दिसायला हवे? ते दिसत नसेल तर तर्क सोडून दुसरा. ट्यूरिंगचे बाँब नावाचे यंत्र हेच विजेच्या वेगाने करायचे. संदेशात एखादा शब्द कुठे असणार याचा अंदाज बांधायचा, त्यावरून चक्रांची एक मांडणी गृहीत धरायची, आणि तिच्यातून विसंगती निघाली की ती मांडणीच नव्हे, तिच्याबरोबर तशा असंख्य मांडण्या एका फटक्यात बाद. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये बसले. युद्ध संपेपर्यंत इंग्लंडात अशी दोनशेच्या वर यंत्रे झाली, आणि ती रात्रंदिवस चालवणाऱ्या बहुतांश तरुण मुली होत्या.

पण अंदाज बांधायचा तो कशाच्या जोरावर? माणसांच्या सवयींच्या जोरावर. एनिग्मात एक मूलभूत दोष होता, कोणतेही अक्षर कधीच स्वतःच्या रूपात उमटत नसे. ही फट यंत्राची. बाकीच्या बहुतेक फटी माणसांच्या. रोज ठरल्या वेळी हवामानाचा संदेश, तोही ठरल्या साच्यात. सुरुवातीची अक्षरे म्हणून प्रेयसीचे नाव किंवा कळफलकावरची शेजारशेजारची अक्षरे निवडणारे तारायंत्री. एकदा इटालियन आरमाराच्या एका कंटाळलेल्या यंत्रचालकाने चाचणीचा संदेश म्हणून सबंध एकच अक्षर दाबत ठेवले. ब्लेचलीतल्या मेव्हिस लीव्हर या कोवळ्या मुलीच्या ध्यानात आले की या आख्ख्या संदेशात एल हे अक्षर औषधालाही नाही. म्हणजे दाबलेले अक्षर तेच. एवढ्यावरून गुंफण उलगडली. सवय सापडत नसेल तर ती निर्माणही केली जायची. विमानांनी समुद्राच्या ठरावीक चौकोनात सुरुंग टाकायचे आणि वाट बघायची. जर्मन त्या चौकोनाचा आकडा संदेशात कळवणार, मग संदेशातला तेवढा भाग आपल्याला आधीच ठाऊक. या उद्योगाला ते बागकाम म्हणत.

हे वाचताना मला आमच्या नोकरीतल्या गोष्टी आठवतात. मी सावलीच्या शाखेत होतो तेव्हा पैसे तारेने पाठवले जात. तार कोणीही करू शकतो, मग ही तार खरोखर दुसऱ्या शाखेचीच कशावरून? त्यासाठी तारेत एक आकडा असायचा. तारीख, रक्कम, शाखा यांवरून एका गोपनीय पुस्तकातल्या तक्त्यांनी तो काढायचा आणि इकडे पडताळायचा. ते पुस्तक तिजोरीत, आणि तिजोरीच्या चाव्या दोघांकडे, एकट्याला उघडता येऊ नये म्हणून. पद्धत नामी होती. पुढे दुसऱ्या एका शाखेत, नाव कशाला सांगू, मी पाहिले की जेवणाच्या सुट्टीत दोन्ही चाव्या एकाच खणात आणि खणाला कुलूप नाही. मी हरकत घेतली तर मलाच समजुतीच्या चार गोष्टी ऐकाव्या लागल्या, की इथे सगळे घरचेच आहेत. तार खाते २०१३ साली बंद झाले, पुस्तके गेली, पण तो उघडा खण कुठे गेला नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी जो दरोडा पडला, त्यात अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले आणि परदेशी खात्यावरही रक्कम वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. एटीएमवाला प्रत्येक वेळी खात्यात पैसे आहेत का असे विचारत होता, आणि बँकेच्या ऐवजी मधे बसलेली घुसखोर यंत्रणाच त्याला होकार देत होती. तारेतला आकडा पडताळणाऱ्या माणसाच्या जागी चोराचाच माणूस बसल्यावर आकड्याचा काय उपयोग?

तर ट्यूरिंग. त्याच्याकडे आरमारी एनिग्मा आले, सगळ्यांत अवघड. इतरांनी सोडून दिलेले म्हणूनच त्याने ते घेतले, कारण तिथे कोणाची लुडबूड नव्हती. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या इंग्लंडला येणारी धान्याची, तेलाची जहाजे बुडवत होत्या आणि देशाची उपासमार होण्याची वेळ होती. संभाव्यतेच्या गणितावर त्याने एक पद्धत बसवली, लांबच लांब कागदांना भोके पाडून ते एकमेकांवर सरकवायचे. १९४१ साली पाणबुड्यांचे संदेश वाचले जाऊ लागले. मात्र माणसे कमी, यंत्रे कमी, आणि वरिष्ठांच्या टेबलांवर फायली अडलेल्या. तेव्हा ट्यूरिंग आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये सगळी उतरंड ओलांडून थेट चर्चिलना पत्र लिहिले आणि एकाने ते स्वतः नेऊन दिले. सरकारी नोकरीत असले धाडस म्हणजे काय, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. चर्चिलनी त्यांना शिस्तभंगाची नोटीस दिली नाही. मागतात ते सगळे त्याच दिवशी द्या, असा हुकूम सोडला.

पुढे १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मनांनी पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथे चक्र घातले आणि ब्लेचली पुन्हा आंधळे झाले, जवळजवळ दहा महिने. तोड निघाली ती गणिताने नव्हे, रक्ताने. ऑक्टोबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडत्या जर्मन पाणबुडीत टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन नौसैनिक उतरले. त्यांनी सांकेतिक पुस्तके वर दिली, ती टॉमी ब्राऊन या उपाहारगृहातल्या सोळा वर्षांच्या पोराने घेतली, आणि पाणबुडीबरोबर ते दोघे तळाला गेले. त्या पुस्तकांच्या आधाराने डिसेंबरात कुलूप पुन्हा उघडले.

जर्मनांना संशय आलाच नाही का? आला. पाणबुड्यांचा सेनापती डोनिट्झ याने एकदा नव्हे, अनेकदा चौकशी लावली. दर वेळी तज्ज्ञांनी सांगितले की एनिग्मा फुटणे अशक्य, फितुरी असेल किंवा शत्रूचे रडार असेल. ज्यांनी यंत्र निवडले त्यांच्याकडेच चौकशी सोपवली तर दुसरे काय होणार! आपले कुलूप आपणच इमानाने फोडून पाहावे, निदान फोडणाऱ्याला पगारावर ठेवावे, ही अक्कल जगाला फार उशिरा आली. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी संगणकाला पासवर्ड लावले, तर संगणकाचा जास्त वेळ हवा म्हणून एका संशोधकाने १९६२ साली सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने अमेरिकेतले हजारो संगणक आडवे केले. त्याला शिक्षा झाली, पण अशा संकटांवर नजर ठेवणारे पहिले केंद्रही त्यामुळेच पिट्सबर्गला उभे राहिले. त्याच धर्तीचे आपले सर्ट-इन २००४ सालचे. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या यंत्रणेतली भोके दाखवणाऱ्याला बक्षीस देतात.

बक्षीस सर्वत्र मिळते असे मात्र नाही. मतदान यंत्रात फेरफार करता येतो असे दाखवणारा प्रयोग हैदराबादचे हरी प्रसाद आणि दोन परदेशी संशोधकांनी २०१० साली केला. यंत्र कोणी दिले हे त्यांनी उघड केले नाही. ते मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातून चोरीला गेलेले, असे सांगून पोलिसांनी ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना अटक केली आणि काही दिवसांनी जामीन झाला. निवडणूक आयोगाने त्यांचा निष्कर्ष मानला नाही. प्रयोग कितपत ग्राह्य, हा वाद तज्ज्ञांचा. कुलूप कच्चे आहे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न कुलूप कुठून आणलेस असा विचारला गेला, एवढी नोंद मी करतो. चोरीच्या मालाबद्दल विचारायचेच नाही असे माझे म्हणणे नाही, बँकेतला माणूस तसे म्हणणार नाही. पण दुसरा प्रश्नही कोणीतरी विचारायला हवा.

आणि फोडलेले कुलूप गुपचूप ठेवावे की सांगून टाकावे? ब्लेचलीतही हा पेच होता. एखादा जर्मन तांडा कुठे आहे हे संदेशातून कळले तरी लगेच हल्ला करता येत नसे. आधी एक टेहळणी विमान मुद्दाम त्यांच्या डोक्यावरून न्यायचे, म्हणजे त्यांना वाटावे की विमानाने पाहिले. युद्धात ते क्षम्य मानू. पण अमेरिकेच्या हेरखात्याला विंडोजमधले एक भोक ठाऊक होते, त्यांनी ते स्वतःच्या कामासाठी राखून ठेवले, ते हत्यार फुटून बाहेर आले आणि मे २०१७ मध्ये त्याच्याच जोरावर पसरलेल्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधली इस्पितळे बंद पाडली, रुग्णांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तिथे क्षमा कोणाकडे मागायची?

ट्यूरिंग माणूस म्हणून कसा होता याच्या अनेक कथा आहेत. परागकणांचा त्रास होई म्हणून विषारी वायूचा मुखवटा चढवून सायकलवर जाणारा. सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटते हे मोजून, बरोबर त्या आधी खाली उतरणारा. चहाचा पेला कोणी नेऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधणारा. जोन क्लार्क या बुद्धिमान सहकारी तरुणीला त्याने लग्नाचे विचारले, आपला ओढा पुरुषांकडे आहे हेही स्वतःच सांगितले, आणि काही महिन्यांनी वाङ्निश्चय मोडला. दोघांची मैत्री टिकली. मला सर्वांत आवडते ती चांदीची गोष्ट. जर्मन आले तर बँका बुडतील म्हणून त्याने १९४० साली चांदीच्या दोन लगडी घेतल्या, ब्लेचलीजवळच्या रानात पुरल्या आणि जागेच्या खुणा सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या. युद्धानंतर शोधायला गेला तर खुणा बदललेल्या. धातुशोधक यंत्र स्वतः बनवून पुन्हा पुन्हा खणले, लगडी सापडल्या नाहीत. बँकेवर विश्वास न ठेवणाऱ्या ग्राहकांत एवढा मोठा गणितज्ञ दुसरा नसेल!

कुलपे फोडणाऱ्याने स्वतःही एक कुलूप घडवले होते. १९४२ च्या अखेरीस त्याला अमेरिकेला पाठवले. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीवरचे बोलणे गुप्त ठेवणारी यंत्रणा त्याने तपासली. तिथे क्लॉड शॅनन हा दुसरा मोठा गणितज्ञ भेटला. दोघेही गुप्तलिपीवर काम करणारे, आणि दोघांनाही त्याबद्दल चकार शब्द काढायची बंदी, म्हणून ते चहाला बसून यंत्र विचार करील का यावर बोलत. परतल्यावर ट्यूरिंगने डोनाल्ड बेली या तरुण अभियंत्याला हाताशी धरून आवाज गुप्त करणारे सुटसुटीत यंत्र बनवले, नाव डेलायला. ते तयार झाले तोवर युद्ध संपले आणि ते कोणाला नको होते.

पुढची वर्षे भराभर सांगतो. लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्याने संगणकाचा संपूर्ण आराखडा केला, तिथल्या दिरंगाईला कंटाळून १९४८ साली तो मँचेस्टरला गेला. यंत्र विचार करते हे ओळखायचे कसे, यावरचा त्याचा १९५० चा निबंध आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत नित्य निघतो. रॉयल सोसायटीचा फेलो तो १९५१ साली झाला. मधल्या काळात १९४७ साली मॅरेथॉन दोन तास शेहेचाळीस मिनिटांत धावला.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. किरकोळ ऐवज गेला. चोर कोण असावा याचा धागा त्याच्या तरुण मित्राकडून मिळाला आणि ट्यूरिंग सरळ पोलिसांत गेला. ज्याने जर्मन आरमाराची गुपिते वर्षानुवर्षे पोटात ठेवली, त्याला स्वतःचे एक गुपित पोलिसांपासून लपवावेसे वाटले नाही. मित्राशी संबंध काय, या प्रश्नाला त्याने खरे उत्तर दिले आणि लेखी जबाबही दिला. चोरीचा तपास बाजूला राहिला, फिर्यादीच आरोपी झाला. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधला संबंध गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी शिक्षा ठरली, तुरुंग किंवा वर्षभर स्त्री-संप्रेरकांचे उपचार. त्याने उपचार पत्करले. शरीर बदलले. गुप्तलिपीच्या सरकारी कामाचा परवाना गेला, कारण असा माणूस म्हणे शत्रूच्या धाकाला बळी पडू शकतो. हा धाक मुळात कायद्यानेच निर्माण केलेला होता, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. आणि युद्धात त्याने काय केले हे न्यायालयाला सांगण्याची सोय नव्हती, कारण ते गुपित होते. आपण इंग्रजांना नावे ठेवण्याआधी आठवावे, तसाच कायदा त्यांनी आपल्या दंडसंहितेत १८६० साली घातला आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे आपण तो सांभाळला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तो सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरता रद्द केला.

ट्यूरिंग ७ जून १९५४ रोजी सायनाइडने गेला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणारी बाई आली तेव्हा तो बिछान्यात होता, शेजारी अर्धे खाल्लेले सफरचंद. सफरचंद तपासले गेलेच नाही. चौकशीत आत्महत्या ठरली. वय बेचाळीसही पूर्ण नव्हते. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी २००९ साली सरकारच्या वतीने माफी मागितली, २०१३ साली राणीने त्याचा गुन्हा माफ केला, आणि २०१७ साली त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या हजारो अनाम माणसांनाही तशी माफी मिळाली.

मुलाने आत्महत्या केली हे आईने कधी मानले नाही. घरात रसायनांचे प्रयोग चालत, हात न धुता सफरचंद खाल्ले असेल, असे तिचे म्हणणे. पोदनूरला जन्मलेली आणि मद्रास इलाख्यात संसार केलेली ही बाई १९५९ साली त्याचे छोटे चरित्र लिहून मोकळी झाली. त्यात शाळा आहे, केंब्रिज आहे, मँचेस्टर आहे. युद्धाची वर्षे मात्र कोरी राहिली, कारण ब्लेचलीत काय चालले होते ते तिला कोणी सांगितले नव्हते. त्या कामाची हकीकत पुस्तकरूपाने जगापुढे आली १९७४ साली. तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली होती. १९७६ साली ती गेली.